गाडी वर जातेय, आत कोणी आहे का?

आठवा दिवस होता. भिमाजीअण्णांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "आठ दिवस बघतो. जमलं तर राहा, नाहीतर राम राम." त्यामुळे त्या सकाळी दीपमाला घरातून निघाली ती अर्धा तास आधीच.

नाशिकच्या अंबड भागातल्या कारखान्यात तिने पाच वर्षं पॅकिंग केलं होतं. मग ते खातंच बंद झालं. त्यानंतर आठ महिने ती गेटागेटावर फिरली आणि शेवटी पाथर्डी फाट्याच्या अलीकडे, अण्णांच्या जुन्या सर्व्हिस स्टेशनवर येऊन थांबली. उड्डाणपूल झाल्यापासून मोठी वाहनं वरूनच निघून जात. अण्णांकडे खालच्या रस्त्याची माणसं येत. कुणाला हवा भरायची असे, कुणाला ऑइल बदलायचं, कुणाला गाडी धुऊन हवी असे. मधोमध हवेच्या दाबावर चालणारा जॅक होता. जमिनीतून एकच जाड लोखंडी खांब वर यायचा आणि अख्खी मोटार डोक्यावर घेऊन उभा राहायचा. जॅक अण्णांच्या लग्नाच्या वर्षी बसवलेला.

सासूने ऐकलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "गाड्या धुवायच्या? बाईमाणसाने?"

 आठ दिवसांनी बोलू, असं दीपमालाने मनाशी ठरवलं.

पण ते आठ दिवस तिची परीक्षा बघत होते. पहिल्या दिवशी तिने एका गाडीच्या काचा लख्ख धुतल्या. मागची एक काच उघडी होती. मालक आत बसला तो तसाच उठला, आणि त्याच्या पँटीतून पाणी ठिबकत राहिलं. दुसऱ्या दिवशी ऑइल तपासायची पट्टी बाहेर काढून पुसली ती गिऱ्हाइकाच्या खांद्यावरच्या पांढऱ्या उपरण्याला. तिला ते फडकं वाटलं. तिसऱ्या दिवशी सायकलच्या चाकात मोटारीइतकी हवा भरली. असा आवाज झाला की समोरच्या टपरीवरचा चहावाला खाली बसला.

अण्णा कशालाच रागावले नाहीत. त्यांचा नियम एकच होता. जॅक वर घेण्याआधी गाडीच्या टपावर तीन वेळा हात मारायचा आणि मोठ्याने विचारायचं, "गाडी वर जातेय, आत कोणी आहे का?" मग दार उघडून बघायचं. मगच हवेच्या कॉकला हात लावायचा. गाडी रिकामी दिसली तरी विचारायचं.

दीपमालाने तो नियम मनापासून पाळला. जरा जास्तच. पाचव्या दिवशी मोटारसायकल धुवायला आली. तिने टाकीवर तीन वेळा हात मारला आणि खणखणीत आवाजात विचारलं, "गाडी वर जातेय, आत कोणी आहे का?"

टपरीवरची बाकडी हसून हसून हलली. सुनील तिथला जुना कारागीर. तो तर पोट धरून पायरीवरच बसला. "वहिनी, सायलेन्सरमध्ये बघा हो! तिथे झोपला असेल कोणी!"

त्यानंतर दोन दिवस सुनील येता-जाता बादलीवर हात मारायचा. "आत कोणी आहे का?" डब्याचं झाकण उघडताना विचारायचा. दीपमालाही वरवर हसायची. आतून मात्र तिचे कान तापायचे.

आठव्या दिवशी अण्णा जॅकचं रबरी पॅकिंग आणायला द्वारका चौकात गेले होते. साडेदहाच्या सुमाराला एक चिखलाने माखलेली मोटार आली. काचांना आतून उन्हाची काळी जाळी लावलेली होती. गाडीवाले महेशराव मखमलाबादचे, फुलशेती करणारे. त्यांनी गाडी स्वतःच जॅकवर चढवली आणि घाईघाईने उतरले.

"घोटीला पुतणीची सुपारी आहे. व्याह्यांच्या दारात असली गाडी कशी न्यायची? खालून चांगली धुवा. तोवर चहा घेतो."

ते रस्ता ओलांडून टपरीवर गेले. सुनील पलीकडे दुसऱ्या गाडीला फेस लावत होता. त्याने मान न वळवताच हाक दिली, "वहिनी, घ्या वर!"

दीपमाला गाडीजवळ गेली. हात टपावर गेला. टपरीवरची तीच चार डोकी तिच्याकडेच बघत होती. एकाने कोपराने दुसऱ्याला ढोसलं.

तिने हात मागे घेतला. माणूस तर आपल्यासमोर उतरला. आत कोण असणार?

तिने कॉक फिरवला. हवा फुसफुसली. मोटार हळूहळू वर गेली, पुरुषभर उंचीवर जाऊन थांबली. दीपमालाने पाइप उचलला. पाण्याची पहिली धार चाकाला लागली न लागली तोच वर खट्ट झालं.

मागचं दार उघडलं होतं.

आधी एक पाय बाहेर आला. सुरकुतलेला, जाड जोडवी घातलेला. वर हिरव्या लुगड्याचा काठ. पाय हवेत जमीन शोधू लागला. अंगठा खाली गेला, पुन्हा वर आला, पुन्हा खाली गेला. पायातली वहाण सुटली आणि दीपमालाच्या पुढ्यात चिखलात पडली.

दीपमालाच्या हातातून पाइप गळाला.

सुनीलने मान वर केली आणि त्याचा चेहराच उतरला. "अहो आजी! मागे व्हा! आजी!" तो ओरडला.

आजींना ओरडणं अर्धवटच ऐकू गेलं असावं. कुणीतरी उतरायला बोलावतंय असं वाटून त्या आणखी पुढे सरकल्या. आता दुसरा पायही बाहेर आला. त्या सीटच्या कडेवर बसल्या होत्या. खाली ओला सिमेंटचा कोबा.

सुनील कॉककडे धावला. "खाली घेतो!"

"नको!" दीपमाला दबक्या आवाजात म्हणाली. "दार उघडं आहे. हौदाला अडकेल."

सुनील जागीच थिजला. दाराच्या बरोबर खाली पाण्याचा हौद होता. गाडी खाली आली की उघडं दार त्याच्या कठड्यावर टेकणार आणि मोटार एका अंगाला कलणार. आजींना बाहेर फेकायला तेवढं पुरे होतं. अण्णांनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. जॅक हलवायचा तर दारं बंद.

दीपमालाने वहाण उचलली. पदराला पुसली. हौदाच्या कठड्यावर चढली. कठडा शेवाळलेला. डावा पाय सरकला, तिने गाडीची कड धरली आणि एकाच खांबावरची मोटार हातभर फिरली.  फिरणं थांबलं. आजी जागच्या जागी होत्या.

तिने हळूच आजींचा पाय धरला. थंडगार पाय. सावकाश त्यात वहाण सरकवली.

"आलं का घोटी?" आजींनी विचारलं.

"नाही आजी. अजून वाट आहे. पाय आत घ्या."

"मंग गाडी का थांबली?"

"सिग्नल आहे."

"एवढा येळ?"

"नाशिक आहे आजी."

हे आजींना पटलं. त्यांनी दीपमालाकडे निरखून बघितलं. "आन तू कोण? शिग्नलवर आता वहाणाबी इकत्यात का?"

"तुमचीच पडली होती. द्यायला आले."

"लय उंच हायस गं बाई! कुणाची सून?"

"सांगते. आधी पाय आत घ्या. हिरवा लागेल आता." तिने आजींचा एक पाय उचलून आत ठेवला. मग दुसरा. लुगड्याचा काठ आत सारला. "आजी, मागे टेकून बसा. दार लावते."

दार लागलं. सुनीलने कॉकवर हात ठेवला.

"हळू," दीपमाला म्हणाली.

त्याने कॉक केसभर उघडला. गाडी उतरू लागली. हा जॅक अर्ध्यावर येऊन अडायचा आणि मग एकदम चार बोटं खाली बसायचा, हे दोघांनाही ठाऊक होतं. तो अडला. दीपमाला कठड्यावरून उतरली, दोन्ही हातांनी दार दाबून धरलं. धप्प! आतून आजींचा आवाज आला, "खड्डा!" मग चाकं जमिनीला टेकली.

दीपमाला खालीच बसली. 

अण्णांची मोपेड आत आली तेव्हा महेशरावही रस्ता ओलांडून परतत होते. सुनीलने तोंडावर बोट ठेवलं. आजींना काही कळलेलं नव्हतं. महेशरावांनीही काही बघितलं नव्हतं. गप्प बसलं तर आठवा दिवस सुरळीत गेला असता.

दीपमाला उठली. "अण्णा, मी हात न मारता गाडी वर घेतली. आत आजी होत्या."

महेशरावांचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. "आई झोपली म्हणून उठवली नाही मी! असली माणसं ठेवता? आत्ताच्या आत्ता घालवा हिला!"

"तिचं मी बघतो," अण्णा म्हणाले. "पण आई आत आहे हे तुम्ही बोललात का?"

 महेशराव गाडीत शिरून आईचा हात धरून बसले. आजी त्यांना सांगत होत्या, "शिग्नलवर एक पोर भेटली. वहाण घालून दिली बघ. तुझ्या बायकूनं घातली का कधी?"

अण्णांनी दीपमालाला बाजूला घेतलं. "हात का नाही मारलास?"

तिला सगळं सांगता आलं असतं. बाकडी, बादल्या, सायलेन्सर. ती म्हणाली, "लाज वाटली."

अण्णांनी सुनीलकडे बघितलं. सुनील फेसाच्या बादलीकडे बघत राहिला.

"महिनाभर जॅकच्या कॉकला हात लावायचा नाहीस," अण्णा म्हणाले. "इथे जी गाडी येईल तिच्यावर हात मारायचा, विचारायचं, आत बघायचं. तेवढंच काम. तू सांगितल्याशिवाय सुनील कॉक उघडणार नाही. उद्या आठला ये."

ती रडली नाही. मान हलवली.

मखमलाबादची गाडी धुऊन गेली. तिच्या मागून एक रिक्षा आली. तिन्ही बाजूंनी उघडी. रस्त्यावरून जाणाऱ्यालाही आतली रिकामी सीट दिसत होती. टपरीवरची डोकी वळली.

दीपमाला रिक्षाजवळ गेली. टपावर तीन वेळा हात मारला.

"गाडी वर जातेय, आत कोणी आहे का?"

बाकड्यावरून कोणीतरी खुसखुसलं. ती वाकली. सीट बघितली, सीटच्या मागे बघितलं, मग पायाजवळची जागा.

सुनील कॉकवर हात ठेवून उभा होता. तो हसला नाही. "बघा वहिनी," तो म्हणाला, "सावकाश बघा."