लग्न काढा, अडाणी राहू द्या

“काका, हे कपडे नकोत,” मॅडम म्हणाल्या. “बाजारात घालता ते घालून या, असं सांगितलं होतं ना?”

मी स्वतःकडे बघितलं. पांढरा शर्ट, काळी पँट, पायात बूट. लेकीच्या शाळेत जायचं म्हणून शर्टावर सकाळी ऋतूच्या आईनं दोनदा इस्त्री फिरवली होती.

“बाजारात ह्येच घालतो मी.”

मॅडम हसल्या. लहान पोराला समजावताना हसतात तसं. “तसं नाही हो काका. पाहुण्यांना दिसलं पाहिजे ना, तुम्ही कोण आहात ते.”

शिपाई पिशवी घेऊन आला. गॅदरिंगच्या नाटकाचे कपडे होते. बंडी, शिवलेला तयार फेटा आणि धोतर. धोतराला कमरेत इलॅस्टिक. माझ्या बापानं जन्मभर धोतर नेसलं. उसाच्या फडात नेसलं, मेला तेव्हाही अंगावर तेच होतं. मी कधी नेसलो नाही. त्या दिवशी पहिल्यांदा नेसलो, तेही इलॅस्टिकचं. पुठ्ठ्याची झाडं आणि थर्माकोलचा किल्ला ठेवलेल्या खोलीत उभं राहून.

कुणी म्हणेल, मग नेसलास कशाला? निघून यायचं. सांगतो.

मी हेडी आहे. गुरांचा व्यापारी. आई-बाप पाथर्डीकडून ऊसतोडीला जायचे, माझं लहानपण उसाच्या पाचटाच्या कोपीत गेलं. शाळा अर्धी गावाकडं, अर्धी कुठंच नाही. दुसऱ्यांच्या शेळ्या हाकत बाजारात न्यायचो, तिथं सौदा शिकलो. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी काढली, तेव्हा माझी मिशी दाट झाली होती. पेढे माझे मीच आणले आणि बाजारात दावणीदावणीला वाटत फिरलो. आज काष्टीच्या बाजारात मला कुणी ओळखत नाही असं नाही. तोंडाचा फटकळ आहे. डोकं लवकर तापतं. लोक म्हणतात, ह्याच्याशी सौदा करायचा तर आधी पाणी पिऊन घ्या.

आमचा मोठा सौदा तोंडानं होत नाही. रुमालाखाली होतो. दोघं हातात हात घेतात, वर रुमाल टाकतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. बघणाऱ्याला काही कळत नाही. नाही जमलं की हात काढायचा, रुमाल झटकून खांद्यावर टाकायचा आणि चालायला लागायचं. सौद्याची ताकद बोटांत नसते. ती उठून जाता येण्यात असते. ज्याला उठता येत नाही, त्यानं भाव बोलूच नये.

त्या शाळेत मला उठता येत नव्हतं.

ऋतुजा माझी थोरली. सहावीत तिला ह्या इंटरनॅशनल शाळेत घातली. डोंगराच्या कडेला शाळा, घोड्यांचं मैदान, पोहायचा तलाव. फीवरून मी संचालकांशी अशी घासाघीस केली की चहा दोनदा आला आणि दोनदा थंड झाला. शेवटी निम्मी फी सोडली त्यांनी. बाहेर येऊन टेम्पोत बसलो आणि स्टिअरिंगवर थाप मारली. एवढा मोठा माणूस माझ्यापुढं नमला! तो का नमला, हे विचारायचं राहून गेलं. जनावर स्वस्तात मिळालं की आधी खोड शोधावी, हे मी नव्या पोरांना शिकवतो. मला कोण शिकवणार?

आता ऋतू बारावीत होती आणि तिला परदेशात जाऊन जनावरांच्या रोगांचं शिकायचं होतं. लंपीची साथ आली तेव्हा आमच्या गाई तिच्या डोळ्यांदेखत गेल्या. अंगभर गाठी, पाय सुजलेले, डोळ्यांतून पाणी. एकाच दावणीची एक गाय मेली आणि तिच्या शेजारची वाचली. ही डॉक्टरांच्या मागं लागली, ती का वाचली? डॉक्टर म्हणाले, नशीब. तिनं नशीब ऐकून घेतलं नाही. त्या एका प्रश्नावर तिनं विद्यापीठांसाठी निबंध लिहिला. मला मराठीत सांगितला होता. मला तो आवडला होता, त्यात आमची कपिली गाय होती.

परदेशी विद्यापीठांना नुसते मार्क चालत नाहीत. मुलाचा स्वतःचा निबंध लागतो आणि शाळेचं पत्र लागतं. ते पत्र ह्या मॅडम लिहिणार, शाळेत परदेशी प्रवेशाचं सगळं त्याच बघायच्या. पत्र गेलं नाही तर अर्ज अपुरा. पत्र वाईट गेलं तर अर्ज मेलेलाच. म्हणजे माझी पोरगी त्यांच्या मुठीत होती, आणि पोरीमुळं मीही.

म्हणून धोतर नेसलो.

हॉल भरलेला होता. कारखानदार, बिल्डर, डॉक्टर, त्यांच्या बायका. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात प्रवेशाचं बघणारा साहेब पाहुणा आला होता. तरुण माणूस. मी वर गेलो तेव्हा तो उठून उभा राहिला. स्टेजवर एवढं त्या एकट्यानंच केलं.

भाषांतराला ऋतू होती. तिनं मला बघितलं, फेट्यापासून पायांपर्यंत. मग खाली बघितलं, ते पुन्हा वर बघितलंच नाही.

मॅडम माइकवर इंग्रजीत बोलल्या. मला माझं नाव कळलं आणि ‘फार्मर’ कळलं. मी शेतकरी नाही. कुणाला सांगणार? मग त्यांनी माझ्या हातात नवाकोरा रुमाल दिला, किमतीची चिठ्ठीही काढली नव्हती. मी पाहुण्याचा हात धरला, वर रुमाल टाकला, बोटं दाबून दाखवली. टाळ्या पडल्या. सगळ्यांचे मोबाईल वर. मागून एक बाई म्हणाली, “सो क्यूट!”

बैलाचं वय कळायला आम्ही त्याचा जबडा उघडून दात बघतो. आदत, दोन दाती, चार दाती. बैल उभा राहतो, कारण जबडा कशाला उघडलाय हे त्याला माहीत नसतं. मला माहीत होतं.

पाहुण्यानं हात सोडला नाही. रुमालाखाली माझा हात तसाच धरून त्यानं हळू आवाजात, मनापासून काहीतरी विचारलं. ऋतूनं त्याचं भाषांतर केलं नाही.

“काय म्हणत्यात गं?”

“काही नाही पप्पा.”

मॅडम लगबगीनं पुढं आल्या. “काका, ते विचारतायत, ऋतुजाचं लग्न मोडायचं तुम्ही ठरवलंत ते कशामुळं? म्हणतायत, तुम्ही फार धाडसी आहात.”

“कुनाचं लगीन?”

मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू हललं नाही. त्या हसण्यामागूनच त्या बोलल्या, ओठ न हलवता. “काका, फक्त हो म्हणा.”

मी ऋतूकडं बघितलं. तिचे कान लाल झाले होते. पाहुणा वाट बघत होता. हॉल वाट बघत होता. बाजारात ह्याच्या निम्म्या गोष्टीला मी माणसाची कॉलर धरली आहे.

मी म्हणालो, “व्हय.”

हॉल उभा राहिला. एवढ्या टाळ्या मला आयुष्यात मिळाल्या नव्हत्या.

घरी यायला टेम्पो शाळेच्या फाटकाबाहेर काढला. मग मीच म्हणालो, “कुनाशी ठरवलं हुतं मी तुझं लगीन?”

“मॅडम म्हणाल्या, गाईच्या गाठींवर कोण प्रवेश देतं? तुझी खरी स्टोरी तुझा बाप आहे. मग त्यांनीच लिहिलं. तुम्ही अडाणी, दहावीनंतर माझं लग्न ठरवलं, मी उपाशी राहून मोडायला लावलं. त्यांच्या पत्रातही तेच आहे. म्हणाल्या, सगळेच थोडं थोडं करतात.”

“आन् तू पाठवलंस?”

“ह्या एकाच विद्यापीठाला पाठवलंय. बाकीचे अर्ज अजून जायचेत.” मग खिडकीकडं तोंड करून म्हणाली, “मला वाटलं, आज तुम्ही नाही म्हणाल. सगळ्या जगाशी भांडता. वाटलं, पप्पा आता ह्यांना सोडत नाहीत. मी वाट बघत होते. तुम्ही व्हय का म्हणालात?”

मी गिअर बदलला. मी तिच्यासाठी तोंड मिटलं होतं, आणि ती माझ्या तोंडाच्या भरवशावर उभी होती. पुढं ट्रॅक्टर होता, उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला. मी ओव्हरटेक केला नाही. त्याच्या मागं मागं घरी आलो.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. शर्ट-पँटवर.

“मॅडम, बाकीच्या अर्जांना पोरीनं लिवल्याला निबंध जाऊ द्या.”

“नाही जमणार काका. माझं पत्र सगळीकडं एकच जातं. तिचा निबंध एक सांगणार, माझं पत्र दुसरं. मग खोटं कोण ठरणार? तीच.”

“मग पत्र बदला.”

“काका, हा बाजार नाही.”

“बाजारात खोड लपवून इकलेलं जनावर दुसऱ्या बाजारी परत येतं, मॅडम. आमी परत घेतो.”

त्या मोबाईल बघायला लागल्या. मला उठायला पाहिजे होतं. हात काढायचा, रुमाल झटकायचा. मी खुर्चीत बसून राहिलो. आणि मग माझ्या तोंडून हे निघालं.

“असं करा,” मी म्हणालो. “लगीन काढा. अडानी ऱ्हाऊ द्या.”

मी भाव करत होतो. स्वतःचा. बापपण सोडवायला शिक्षण देत होतो. सतरा नंबरच्या फॉर्मची ती दहावी, जिचे पेढे मी दावणीदावणीला वाटले होते, ती मी टेबलावर ठेवली.

मॅडमनी विचार केल्यासारखं केलं. मग म्हणाल्या, “पण लग्न हीच तर स्टोरी आहे काका.”

एवढं देऊनही सौदा झाला नाही. बाकीचे अर्जही तसेच गेले. ऋतूनं पाठवले. मी बघत बसलो.

होळीच्या सुमारास त्या पाहुण्याच्या विद्यापीठाचा होकार आला. शिष्यवृत्तीसकट. घरात कुणी ओरडलं नाही. तिच्या आईनं साखर आणली, ती ऋतूनं हातात घेतली आणि तशीच धरून बसली.

आठवड्याच्या आत शाळेनं फ्लेक्स लावला. शाळेत नाही, काष्टीच्या चौकात. बाजाराच्या तोंडावर. मी, इलॅस्टिकच्या धोतरात, रुमाल धरून. शेजारी ऋतू. वर मोठ्या अक्षरांत: ‘बालविवाहाच्या उंबरठ्यावरून अमेरिकेच्या विद्यापीठात!’

बाजारात एक म्हातारा हेडी आहे, तीस वर्षं माझ्याशी भाव करतोय. त्यानं लांबूनच हाक दिली. “काय शेठ, पावनं कुठलं हुतं? आमाला आमंत्रान न्हाई!”

दुसरा म्हणाला, “लगीन मोडलं म्हंजी इसार बुडला की रं!”

दावण हसली. ह्या बाजारात माझ्यावर विनोद करून कुणी घरी धड गेला नाही. त्या दिवशी सगळे धड गेले. काय बोलणार? खोटं आहे म्हणालो तर पोरीची जागा जाते. खरं आहे म्हणालो तर पोरगी जाते. आणि मी भर सभेत व्हय म्हणालो होतो, त्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलमध्ये होता.

संध्याकाळी मेव्हण्याचा फोन आला. त्याच्या बहिणीला विचारत होता, भाचीचं लग्न ठरलं ते मामाला का सांगितलं नाही. ऋतूच्या आईनं फोन ठेवला आणि माझ्यापुढं उभी राहिली. “माज्या लेकीचं लगीन मला ठावं न्हाई. तुमाला ठावं हाय. मंग सांगा की, नवरा मुलगा कसा हुता दिसायला?”

मी कात्री घेतली आणि चौकात गेलो. सगळ्यांसमोर फ्लेक्स कापला. फाडला नाही, नीट कापला. फ्लेक्स चांगला होता. घरी आणून कडब्याच्या गंजीवर टाकला, छापील बाजू आत. आमची तोंडं कडब्याकडं.

ऋतू ओट्यावर बसून बघत होती. म्हणाली, “पप्पा, मी विद्यापीठाला खरं लिहिते. माझा निबंधही पाठवते. जागा गेली तर?”

गेली तर गेली, असं मी म्हणालो नाही. ते म्हणायला सोपं असतं, आणि जागा माझी नव्हती. मी म्हणालो, “त्यो भाव तुझा हाय. मी त्यात बोट घालत न्हाई.”

तिनं लिहिलं. मला मराठीत वाचून दाखवलं. मग पाठवलं.

विद्यापीठानं शाळेला विचारलं, तसा मॅडमचा फोन आला. शेवटचे मार्क शाळेनं पाठवायचे असतात, आता ते पाठवायचे की नाही हे बघावं लागेल म्हणाल्या. “तुम्ही स्वतःच्या मुलीचं वाटोळं करताय काका.”

विद्यापीठाकडून एवढंच आलंय की विचार चालू आहे. अजून चालूच आहे. तिकडं कुणाची कॉलर धरायची मला माहीत नाही. ऋतू रोज सकाळी मोबाईल बघते, पालथा ठेवते आणि गोठ्यात येते. मला तिच्याकडं बघवत नाही. पण ती आता वर बघते.

मी हे सगळं लिहितोय ते एवढ्यासाठी की त्या हॉलमध्ये मी एक शब्द दिला होता. तो मी परत घेतो. मी माझ्या मुलीचं लग्न कधी ठरवलं नव्हतं. मी अडाणी नाही. बाजारात मी शर्ट-पँट घालतो. मार्क पाठवा, नका पाठवू. जागा राहो, जावो. माझ्या पोरीसाठी मी कुणाच्याही दारात उभा राहीन, पण दात दाखवायला नाही.

हात काढला मी. रुमाल झटकला.