मंगळावरचा उपवर

हसाल तर हसा बाप्पा, पण माह्या सोयरिकीची माती मी स्वतःच्या हातानं केलती! आजही आर्णीच्या बाजारात कोणी ना कोणी गाडी थांबवते अन् विचारते, "काय प्रवीणभाऊ, मंगळावर पाऊसपाणी कसं?"

झालं असं. माह्यं मोटर रिवायंडिंगचं दुकान रविवारी बंद असते, अन् दुपारी घरी आमचा खेळ रंगते. खेळ काय? टेबलाभोवती बसाचं. मी अंतराळातली एक गोष्ट रचत जातो, बाकीचे त्यातले पात्र होतात, अन् फासे पडतील तसं पुढं घडते. आमचं यान सोयाबीनच्या कुटारावर, म्हणजे भुशावर चालते, आता बोला! माही वहिनी कॅप्टन, दोस्त गजानन पायलट.

त्या रविवारी गजाननचा मामा पहिल्यांदा खेळाले येणार होता, पांढरकवड्याहून. मी त्याले कधी पाह्यलं नव्हतं. गावच्या नाटकात काम करणारा माणूस, म्हणून मी निरोप धाडला, "दारातूनच पात्र होऊन या म्हणा! मीही तसाच बोलीन."

गजानन आलूबोंडे आणाले गेलता, वहिनी चहा ठेवून राह्यली होती. तेवढ्यात दार वाजलं. पांढरा सदरा, हातात पिशवी, पन्नाशीचे गृहस्थ.

"प्रवीणराव तुम्हीच काय? म्हटलं आधी ग्रह पाहून घ्यावे, मंग पुढचं बोलू."

वा! काय एंट्री! मी छाती फुगवली. "पाहा ना! कोणता पाहता?"

"मंगळ हाय काय?"

"अहो, जन्मच तिथला!"

गृहस्थ खुर्चीत टेकले. "म्हणजे... कडक हाय?"

"कडक? पाय ठेवला का चप्पल वितळते!"

"बरं... कामधंदा?"

"तस्करी. शनीवर मिरच्या पोचवतो."

"अन् पोलीस?"

"अर्धे आपलेच हायेत!"

त्यांनी रुमालानं घाम पुसला. मी मनात म्हटलं, काय अभिनय हो! खराखुरा घाम!

"घरी कोण कोण असते?" त्यांचा आवाज बारीक झाला.

"तीन बायका. पण काळजी नोका करू, तिघी तीन ग्रहांवर. एकीले दुसरीचा पत्ता नाही!"

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली अन् दारातच थबकली. "अगं माय! वसंतकाका? तुम्ही तर पुढच्या रविवारी येणार होते ना?"

माह्या पायाखालचं यानच निसटलं. वसंतकाका म्हणजे वहिनीच्या माहेरचे, ढाणकीचे, मी कधी न पाह्यलेले. त्यायच्याच पोरीसाठी, रेखासाठी माही बोलणी चालू होती. अन् रेखा मले एका लग्नात पाह्यल्यापासून लय आवडली होती हो!

"आर्णीत काम निघालं," काका उठत म्हणाले. "म्हटलं पत्रिका पाहून घेऊ. आता गरज नाही."

मी पाय धरले. "काका, खेळ होता हो! एकही बायको नाही मले, आईची शपथ!"

धाडकन दार उघडलं. दारात लाल डोळ्यांचा, काठी उगारलेला माणूस. "कुठं हाय तो प्रवीण्या? माह्या पोरीले शुक्रावर टाकून पळाला!"

मामा. पात्र होऊन. दारातूनच!

मागं गजानन, आलूबोंड्यांची पुडी छातीशी धरून, खुशीत टाळ्या वाजवाची वाट पाहत.

काका चहा न घेताच गेले. मी आलूबोंड्याकडे पाह्यलंसुद्धा नाही, इतका खचलो.

संध्याकाळी वहिनीचा फोन वाजला. रेखा होती! काकांनी घरी सारं सांगितलं होतं, अन् ती हसता हसता बोलूच शकत नव्हती. "ताई, इतकं खोटं इतकं मन लावून बोलणारा माणूस मी पाह्यला नाही. मी येऊ काय खेळाले?"

आली. संगं काकालेही ओढून आणलं, अन् खेळ पाहून त्यायलेही हसू फुटलं. पुढं लग्नही झालं. काका तर आता आमच्या यानाचे मेकॅनिक हायेत, एक रविवार चुकवत नाहीत.

फक्त गोष्ट आता रेखा सांगते. खरं सांगतो, माह्याहून झकास! मले तिनं पात्र देल्लं चहाच्या मशीनचं. खेळ भरात आला का सारे ओरडतात, "मशीन, चहा!" अन् मी अंतराळवीरांचा बाप स्वयंपाकघरातून "बीप बीप" करत गाळणी शोधत असतो.