सुमनच्या घरचा पेला

मौनीताई प्रश्न विचारायची आणि गप्प बसायची. इतका वेळ, की समोरच्याआधी शेजारी बसलेल्या मलाच घाम फुटायचा. 'मौनीताई' हे नाव आमच्या वडगावच्या ऑफिसातलं, आणि ते मीच ठेवलं होतं. दोघी एकाच संस्थेत समाजकार्यकर्त्या, पदवी एक, स्कूटरही एकच. वस्तीवर पाऊल टाकलं की मात्र ती 'ताई' आणि मी 'मॅडम'. मला ते तेव्हाही सलायचं, आजही सलतं.

लोणावळ्याच्या वरच्या अंगाला एक ठाकरवाडी आहे. तिथली सुमन बंगल्यांवर चादरी धुवायची. नवरा धोंडू पिऊन यायचा आणि पोरांच्या वाटचंही खाऊन झोपायचा. मी पहिल्याच भेटीत तिच्यापुढे सगळ्या वाटा मांडल्या. माहेरी जा, तक्रार कर, त्याला दारू सोडवायला पाठव. ती प्रत्येक वाटेला "व्हय मॅडम" म्हणाली आणि तिने काहीच केलं नाही. पुढच्या खेपेला मौनीताईने एवढंच विचारलं, "तुला काय हवंय, सुमन?" आणि भिंतीला टेकून बसली. बऱ्याच वेळाने सुमन म्हणाली, "मला माजी येगळी चूल पायजे. ह्याच घरात."

मला हसू आलं. भाऊ-भाऊ वेगळे झाले की चूल वेगळी होते. नवरा-बायकोची कुणी ऐकली आहे का? मौनीताई हसली नाही. "तो चिडला तर कुणाकडे जाशील?" सुमनने जावेच्या घराकडे बोट दाखवलं. "बरं. मग कुठं मांडायची?" त्याच दुपारी दुसऱ्या कोपऱ्यात तीन दगड आले. "तुजं तू रांद," असं सुमनने धोंडूला सांगून टाकलं. तो चार दिवस शेजारीपाजारी गाऱ्हाणी सांगत फिरला.

घर सुधारतंय का, हे ठरवायची ताईची तऱ्हाही न्यारी. मी आत शिरताच धोंडूच्या तोंडाचा वास घ्यायचे. ती सुमनला विचारायची, "तुझ्या मते काय बदललं?" सुरुवातीला उंबऱ्यातून धोंडूच उत्तर द्यायचा, "समदं झ्याक हाय, ताई." ती त्याचं ऐकून घ्यायची आणि पुन्हा सुमनकडे बघत बसायची. पावसाळा सरला तेव्हा सुमन आपणहून बोलली, "पितो अजून. पन आता इच्यारून जेवतो. लाकडं बी आनतो." बैठकीत साहेबांनी ताईचं कौतुक केलं. माझ्या पोटात इतकं दुखलं, की डबा मी तसाच घरी नेला.

त्याहून जास्त दुखायचं ते चहाच्या वेळी. मला पाहुण्यांसाठी जपून ठेवलेली कपबशी. ताईला घरच्यांचा चेपलेला स्टीलचा पेला, आणि तोही न विचारता.

मागच्या वर्षी संस्थेने तिला जुन्नरकडे पाठवलं. वाडीतल्या बाया तिला सोडायला पार डांबरी रस्त्यापर्यंत आल्या होत्या. आता मी एकटी जाते. मीही विचारते, भिंतीला टेकते. सुमन गालात हसते. "ताईवानी बसाय लागला तुमी, मॅडम."

परवा राहवलं नाही. म्हटलं, "सुमन, मलाही पेल्यातच दे की चहा."

ती कप विसळत राहिली. मी गप्प बसले, पुढे काय बोलावं ते सुचेना म्हणून.

"कुनाला कशात च्या द्याचा," ती शांतपणे म्हणाली, "ते मी ठरवनार." आणि कपबशी माझ्यापुढे ठेवली.

खाली उतरल्यावर वाटलं, ताईला फोन करून हे सांगावं. नाही सांगितलं. तिला फार आनंद झाला असता.