देवयानीचा तीळ

आमचे हे, म्हणजे शशिकांत, हिमायतनगरच्या एका स्टुडिओत पस्तीस वर्षं फोटो रिटच करायचे. लग्नाळू मुलींच्या फोटोंतली मुरुमं, वांग, तीळ उडवण्यात ह्यांचा हातखंडा. "शशीभाई, बच्ची का चेहरा जरा साफ करो," म्हणत गिऱ्हाइकं यायची. माझाही फोटो तिथंच साफ झाला. हनुवटीवरचा तीळ ह्यांनी न विचारता उडवला. तो फोटो बघून आलेल्या मुलानं मला पाहिलं, "फोटोतली मुलगी कुठेय?" विचारलं आणि पोहे खाऊन चालता झाला. बाबा तावातावानं स्टुडिओत भांडून आले. दुसऱ्या दिवशी हे माफी मागायला घरी आले, ते स्वतःच्या आईला घेऊनच. तेव्हापासून मी चिक्कडपल्लीत, ह्यांच्या घरी आहे.

निवृत्त झाल्यावर ह्यांना जावयानं कामाला लावलं. अनिकेतला दुर्बिणीचं वेड. त्यानं देवयानी दीर्घिकेचे साठ फोटो एकमेकांवर चढवून त्यांचा एक फोटो करून आणला. "बाबा, ह्यातले दाणे, ही रवाळ खरखर, घालवा आणि जरा शार्प करा." मराठी मंडळात आकाशाच्या फोटोंचं प्रदर्शन होतं. पस्तीस वर्षांत एकाही फोटोखाली ह्यांचं नाव छापून आलं नव्हतं. निवड झाली तर आता येणार होतं. हे जेवायचंसुद्धा विसरायला लागले.

पहिल्या दुपारी ह्यांनी सगळीकडे नॉइज रिडक्शन फिरवलं. दाणे गेले, पण देवयानी श्रीखंडासारखी गुळगुळीत झाली. दुसऱ्या दुपारी आधी शार्प केलं, तर दाण्यांनाही धार आली आणि एकेका ताऱ्याभोवती काळं कडं उमटलं. "सगळ्यांना काजळ घातलंत का?" मी विचारलं. शेवटी अनिकेतनं फोनवर समजावलं, की दाणे फक्त काळ्या आकाशातले घालवायचे आणि धार फक्त उजळ भागाला द्यायची. तिसऱ्या दिवशी जमलं. देवयानीतले धुळीचे पट्टे इतके स्पष्ट, की मला फडकं घेऊन पुसावेसे वाटले.

निवड करणारी अपर्णा कॉलेजात फिजिक्स शिकवते. तिनं फोटो बघितला, पुन्हा बघितला.

"काका, पट्टे एकदम झकास. पण इथला गोळा किधर गया?"

"कुठला गोळा?"

"हा कडेचा. छोटी गॅलेक्सी असते ना इथे!"

"तो होय!" हे अभिमानानं म्हणाले, "तीळ होता. साफ केला."

अपर्णा मटकन खुर्चीत बसली. "काका, अब्जावधी सूर्य होते त्यात! असा फोटो नक्को. उद्या पाचपर्यंत नवा आणा."

हे घरी आले ते तोंड पाडून. मला दया यायला हवी होती, आला संताप. "तीळ दिसला की तुमचे हात शिवशिवतात! तिला विचारायचं तरी!"

"कुणाला?"

"देवयानीला!" मी ओरडले. हात मात्र माझ्याच हनुवटीवर गेला होता. ह्यांनी तो बघितला, आणि कॉम्प्युटर लावून गोळा परत आणायला बसले.

फोटो प्रदर्शनात लागला. खाली ह्यांचं नाव, चांगलं ठळक. येईल त्याला हे गोळा दाखवत होते, "हा तीळ खरा आहे बरं का, मी हात लावलेला नाही." मला भरून आलं, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी भाजी घेऊन आले, तर हे स्टुलावर उभे. समोर भिंतीवरचा माझा तो जुना फोटो, हातात बारीक ब्रश. सदतीस वर्षांनी माझा तीळ जागेवर आला होता.

फक्त उजवीकडे. माझा डावीकडे आहे.

"आता ह्याला तरी हात लावू नका," मी म्हटलं आणि भाजी निवडायला बसले.