बदकीचं बाळंतपण

कारंजा गावाच्या वाट्याला आलेला सगळा उत्साह आमच्या मावसाजींनी एकट्यानेच लाटला होता, असं माझं ठाम मत आहे. धंदा कापसाच्या अडतीचा, पण जीव पाखरांत. घरात मूलबाळ नव्हतं. जिनिंग कारखान्याचा गोरा साहेब विलायतेला परतताना शोभेच्या बदकांची जोडी यांना देऊन गेला, आणि हे आख्ख्या बाजारात सांगत सुटले, "थेट दक्षिण अमेरिकेतून पाव्हणे आले!" बदकं ती केवढीशी! नराचे खांदे विटकरी, मानेवर काळी पट्टी. मावसाजींनी हौसेने हौद बांधला, तर जोडी कडुनिंबावर जाऊन बसली. "बदक झाडावर बसून राह्यलं! पायलं होतं का कधी?" असं म्हणत ते वाटसरूंनाही हाताला धरून अंगणात आणत.

मादीने सरकीच्या कोठीत टांगलेल्या मडक्यात अंडी घातली, तेव्हा तर त्यांना आभाळ ठेंगणं झालं. लगेच कोठीत ओव्याची धुरी, दाण्यांत डिंकाच्या लाडवाचा चुरा. नराला मात्र मज्जाव. "बारा दिवस बाळंतिणीच्या खोलीत नवऱ्याचं काय काम?" मादी खायला बाहेर आली की हे दाराला कडी घालत, आणि नर दिवसभर त्या दारावर चोच आपटत राही. तिसऱ्या दिवशी मावशीने मडक्यात हात घातला आणि ती कडाडली, "अवो, अंडे गार पडून राह्यले! सोडा त्याले आत!" दार उघडताच नर मावसाजींच्या पायांतून घुसला आणि सरळ अंड्यांवर बसला. मग दोघं पाळीपाळीने बसू लागली. मावसाजी धावत बाजारात गेले आणि भर लिलावात ओरडले, "अरे, बाप बसला! अंड्यावर बाप बसला!"

महिन्याभराने पाच पिलं निघाली. बाजारभर पेढे वाटून आलेले मावसाजी हौदाच्या काठावर बसले आणि एकाएकी गप्प झाले. त्यांना असं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं, मला भीतीच वाटली. मावशीचं एकुलतं बाळंतपण मंगरुळात, माहेरी झालं होतं. रिवाजाप्रमाणे मावसाजी बाराव्या दिवशी निघणार होते. मुलगी नऊच दिवस जगली.

"म्या बी तसंच दार ठोकाले पायजे होतं," ते पाण्याकडे बघत म्हणाले.

पदराला हात पुसत मावशी त्यांच्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "पिलायवर ध्यान ठेवा. मांजर फिरून राह्यली."