पडद्याआडचा आरसा

नसरीन इनामदार मॅडमनी माझी मुलाखत चपलांच्या दुकानात घेतली, असं मी सांगतो तेव्हा लोकांना ती थट्टा वाटते. खरं तर मी चिकलठाण्याला त्यांच्या ऑफिसात नोकरीच्या मुलाखतीसाठी गेलो होतो. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांनी बोट लावून किंवा समोर उभं राहून वापरायच्या स्क्रीन तिथे तयार होतात, एवढंच ऐकून होतो. गंगापूरहून जीपमध्ये दाटीवाटीने आलेलो, कडक इस्त्रीची पार वाट लागलेली, बगलेत सर्टिफिकेटांची फाइल. मॅडमनी फाइल बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "मला चप्पल घ्यायची आहे. चल माझ्यासोबत."

दुकानात त्यांनी चप्पल काही घेतली नाही. एका बाईंकडे हळूच नजरेने खूण केली. "बघ, चप्पल आवडलीय, पण पायात घालेनात. का असेल?" मी म्हणालो, महाग असेल. "नाही रे बाबा. टाचांना भेगा आहेत. चारचौघांत पाय पुढे करायला जिवावर येतंय त्यांच्या." मी त्या बाईंकडे नीट पाहिलं, तर खरोखरच त्यांनी पाय साडीत ओढून घेतले होते. परतताना मॅडमनी विचारलं, "सोमवारपासून येशील?" मुलाखत कधी सुरू झाली हेच मला कळलं नव्हतं.

मॅडमच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांच्या कामाबद्दल जाणकार मंडळी लिहितीलच. मी त्यांच्या हाताखाली वाढलेला माणूस, मला जे दिसलं ते सांगतो. कोणत्याही दुकानाचं काम आलं की मॅडम आधी तिथे जाऊन बसतात. कुणाच्या तरी सोबत आलेल्या बाई असाव्यात, अशा. मोबाइल पर्समध्ये, डोळे गिऱ्हाइकांच्या हातांवर. "तोंड खोटं बोलतं, हात बोलत नाहीत," हे त्यांचं आवडतं वाक्य. आम्ही पाठीमागे त्याची नक्कल करतो, आणि मग नकळत आम्हीही हातच बघत बसतो.

माझ्या वडिलांचं, आबांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मॅडम गंगापूरला घरी आल्या. आबा त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगत होते, "आता समदं दिसतंय बघा." मॅडमनी सहज टेबलावरची औषधाची पट्टी त्यांच्या हातात दिली आणि काय लिहिलंय विचारलं. आबांनी ती दूर धरली, जवळ धरली आणि मग चहा आणायला सांगितला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात फर्मान निघालं, की आपल्या प्रत्येक स्क्रीनवरचं अक्षर आबांना वाचता आलं पाहिजे. आमच्याकडे त्या आकाराला आजही 'आबांचं अक्षर' म्हणतात. नवीन पोरं विचारतात, हे आबा कोण? मला फार बरं वाटतं.

पण मॅडमपुढे मी मनातून हात जोडले ते जालना रोडवरच्या एका साड्यांच्या दुकानात.

त्या दुकानासाठी मॅडमनी एक आरसा केला होता. दिसायला माणसाच्या उंचीची स्क्रीन. समोर उभं राहिलं की आपण त्यात दिसतो आणि बोट लावू ती साडी अंगावर नेसलेली दिसते. घडी मोडायला नको, नेसायला नको. चाचणीसाठी खरंखुरं कुटुंब हवं होतं. नेमका माझ्या धाकट्या बहिणीचा, सविताचा, बस्ता बांधायचा होता. आमच्याकडे बस्ता म्हणजे लग्नाचे कपडे घ्यायला दोन्हीकडचं सगळं गणगोत गाडी भरून निघतं. मी सगळ्यांना त्याच दुकानात घेऊन गेलो. आमचं पुढचं वर्ष त्या दिवसावर अवलंबून होतं. चाचणी पसंत पडली तर दुकानाचे मालक शेठ आपल्या सगळ्या दुकानांचं काम देणार होते, नाही पडली तर ऑफिस चालवणं अवघड होतं.

आरसा दुकानाच्या मधोमध, गादीसमोर लावला होता. ती जागा मॅडमनीच ठरवली होती, सगळ्यांना सगळं दिसावं म्हणून. आणि काय रंगला तो बस्ता! सविताला पुढे उभं केलं. काकू एक साडी लावतेय, मावशी दुसरी, नवऱ्याकडच्या बायका तिसरी. आत्या तर स्क्रीनला बोट लावून लहान लेकरासारखी खिदळत होती. शेवटी जरीच्या लालभडक शालूवर सगळ्यांचं एकमत झालं. सविताला विचारलं, तर ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तो." शेठ खूश. त्यांनी तिथेच पेढे मागवले. मी तर हवेतच होतो.

इतका वेळ बायकांमध्ये बसलेल्या मॅडम उठल्या आणि शेठना म्हणाल्या, "काम जमलेलं नाही. माझंच चुकलं."

शेठ म्हणाले, "मॅडम, इतकं झ्याक चाललंय, आता काय बिघडलं?" मॅडम म्हणाल्या, "त्या पोरीचे हात बघितले का? सगळा वेळ ओढणीला पीळ घालत होती. मी तिच्यासाठी आरसा केला आणि तिलाच सगळ्यांसमोर बघायला उभं केलं." मग आरसा सरकवून त्यांनी कोपऱ्यात नेला, तोंड भिंतीकडे केलं आणि भोवती पडदा ओढला. म्हणाल्या, "आत एकटी नवरी जाईल. तिला आवडतील त्या साड्या ती आतून सांगेल, त्या बाहेर गादीवर मांडायच्या. त्यातली कोणती, ते मोठ्यांनी ठरवावं." शेठ चिडले. बस्त्यात मोठ्यांचा मान असतो, पाहुणे उठून जातील, असं म्हणाले. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मान राहतोच की, शेठ. पण असं नको असेल, तर मी आरसा परत घेऊन जाते."

हातातोंडाशी आलेलं काम, वर पेढे वाटून झालेले, आणि ही बाई स्वतःचीच वाखाणलेली करामत मोडीत काढायला निघालेली. एवढी छाती माझ्यात नाही. मी दुसऱ्या कुणातही ती पाहिलेली नाही.

शेठनी नाइलाजाने मान हलवली. सविता आत गेली. सगळे ताटकळले. मग आतून ती हसली. एकटीच, मोठ्याने. घरी ती अशी हसते, पण त्या दिवशी सकाळपासून हसली नव्हती.

बाहेर आली आणि गादीवर मांडलेल्यांपैकी वांगी रंगाच्या, बारीक काठाच्या साडीवर तिने बोट ठेवलं. बाकीच्या दोन तिने उगाच सोबत सांगितल्या होत्या, हे कुणालाही कळलं असतं. काकू म्हणाली, "लई काळपट दिसतंय गं." सगळे सविताच्या होणाऱ्या सासूबाईंकडे बघायला लागले. त्यांनी साडी हातात घेतली, पोरीचं तोंड पाहिलं आणि म्हणाल्या, "नेसायचंय कुणाला? तिलाच ना? व्हय, हीच घ्या."

एवढ्यात आत्या कुठे दिसेना. बघतो तर ती पडद्याआड. आईने हाक मारली, तर आतून आवाज आला, "थांब की जरा. मला आजवर कुणी इचारलंच नाय, कोणता रंग पाहिजे म्हणून." मग पडद्याबाहेर दोन्हीकडच्या बायकांची रांगच लागली. शेठ त्या रांगेकडे बघत राहिले आणि मॅडमना म्हणाले, "पडदा असाच राहू द्या." बाकीच्या दुकानांतही आरसे लागले, सगळे पडद्याआड.

त्या दिवशी सविता मला गाडीत म्हणाली, "दादा, आरशात मी कशी दिसते ते आज पहिल्यांदा निवांत बघितलं." तिला वांगी रंग आवडतो, हे मला तिच्या बस्त्यापर्यंत ठाऊक नव्हतं. ज्या बाईंमुळे तो मला कळला, त्यांना माझी बहीण ओळखतसुद्धा नव्हती.

मॅडम, गुडघे कुरकुरतात तरी तुम्ही तासन्‌तास दुकानांत बसता. चहात साखर बंद केली म्हणता आणि आमच्या डब्यातले लाडू संपवता, तेही आम्हाला माहीत आहे. तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. तुमची नजर अशीच तल्लख राहो आणि आमच्या चुका तुम्हाला आमच्याआधी दिसत राहोत.

साठीनिमित्त तुम्हाला साडी द्यायचं आम्ही ठरवलं, आणि रंगावरून ऑफिसात दोन तट पडले. शेवटी आमच्यापैकी कुणीच निवडायची नाही असं ठरलं. तुम्ही केलेला पहिला आरसा ऑफिसच्या कोपऱ्यात लावला आहे आणि पडदा ओढून ठेवला आहे. आत जा, मॅडम. सावकाश बघा. आम्ही बाहेर थांबलो आहोत.