बाईंचं नाव कंपनीकडे

शिवणाच्या कारखान्यात दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी संपत नाहीत. चिंध्या आणि किस्से. चिंध्या निदान कचऱ्यात टाकता येतात. किस्से मी घरी आणते आणि जेवताना निखिलला, म्हणजे नवऱ्याला, सांगते. तो म्हणतो, "शुभदा, आधी जेव. बीपी वाढेल." वाढू दे!

अमेरिकेत, सिअ‍ॅटलजवळच्या बॉथेलला टायरच्या दुकानामागे आमचं वर्कशॉप आहे. मशिनवर रोझा, पॅटर्न कापायला मी, आणि मालकीण म्हणजे बाई. बाई मूळच्या इंग्लंडच्या. वय चौसष्ट, डोक्याचा तुळतुळीत गोटा, दोन पायांत दोन रंगांचे बूट. आठवडाभर कपडे बनवतात आणि शनिवारी सिअ‍ॅटलच्या एका बारमध्ये बँडबरोबर बेस गिटार वाजवतात.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण ते त्यांचं राहिलेलं नाही. चोविसाव्या वर्षी लंडनमध्ये त्यांनी एका कंपनीच्या कागदावर सही केली. पाच वर्षांनी कंपनीने बाईंना काढलं आणि नाव ठेवून घेतलं! आज त्या नावाने परफ्यूम, टॉवेल आणि मांजरांच्या गाद्या खपतात. फक्त बाईंनी ते स्वतःच्या कपड्यावर लावायचं नाही. बाईंना एकच गोष्ट हवी आहे. मरायच्या आधी एका तरी कॉलरच्या आत स्वतःचं नाव.

*

माझा इंटरव्ह्यू दोन मिनिटांत आटपला. बाईंनी अंगातलं जॅकेट काढून टेबलावर टाकलं. "यात काय चुकलंय?"

मी कोल्हापूरची. गोड बोलणं आम्हाला शिकवलेलं नाही. म्हटलं, "डावा मुंढा चुकीचा कापलाय. बाही पुढे ओढतेय. आमच्या गल्लीतल्या टेलरने हे गिऱ्हाइकाला दिलं नसतं."

रोझाचं मशिन थांबलं. बाईंनी मुंढ्याच्या शिवणीवरून बोट फिरवलं.

"चाळीस वर्षं," त्या म्हणाल्या, "मासिकवाले याला माझं बंड म्हणतायत. चूक म्हणणारी तू पहिली! सोमवारी ये."

*

इथल्या महाराष्ट्र मंडळात माझ्या या नोकरीचं भारी कौतुक. एक काकू म्हणाल्या, "अगं, नवरा एवढा इंजिनिअर आणि तू शिवणकाम करतेस? बरं, ते जाऊ दे. माझ्या चार साड्यांना फॉल-पिको करून देशील?"

मी रागाने लाल झाले. माझी लेक ईरा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "आई, जस्ट से नो."

नो म्हटलं. तेव्हापासून मी मंडळात गर्विष्ठ म्हणून प्रसिद्ध आहे.

*

एकदा बाईंबरोबर मॉलमध्ये गेले होते. समोरच त्यांच्या नावाचं दुकान! बाईंनी एक स्वेटर उलटा करून शिवण बघितली आणि तोंड वाकडं केलं. सेल्सगर्ल धावत आली. "हा आमचा क्लासिक पीस आहे, मॅम."

"डिझायनर कोण?" बाईंनी विचारलं.

तिने पाटीकडे बोट दाखवलं. "याच. पण त्या आता हयात नाहीत, बहुतेक."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाईंनी माझा दंड धरला आणि अगदी काळजीने विचारलं, "अरेरे! कशाने गेल्या?"

*

बँडच्या पोस्टरवर नाव छापलं, तर कंपनीच्या वकिलाचं पत्र. म्हणून नुसता चेहरा छापला, तर दुसरं पत्र. चेहऱ्यावरून नाव आठवतं म्हणे! तिसऱ्या पोस्टरवर फक्त दोन रंगांचे बूट छापले, तर तिसरं पत्र.

आणि त्या शनिवारी बाईंनी स्टेजवर वकिलाचं पत्रच चाल लावून म्हटलं. अख्खा बार हात वर करून ओरडत होता, "ताबडतोब बंद करा! ताबडतोब बंद करा!"

यार, तो वकील तिथे बसायला हवा होता!

*

वकील आला, पण वर्कशॉपमध्ये. सूट, टाय, हातात जाड पाकीट. बाईंनी चहा विचारला, कारण कितीही राग आला तरी त्या चहा विचारतात. तो नको म्हणाला. मग पाकिटाची चिकटपट्टी निघेना, म्हणून त्याने माझ्या टेबलावरची कापडाची कात्री उचलली आणि कचाकच पाकीट कापलं.

कापडाच्या कात्रीने कागद! आमच्या धंद्यात यापेक्षा मोठं पाप नाही, धारच मरते. रोझा किंचाळली. मी त्याच्या हातातून कात्री हिसकावली. कोर्टाच्या धमक्या शांतपणे ऐकणाऱ्या बाई ताडकन उठल्या आणि दार उघडून म्हणाल्या, "बाहेर! नाव नेलंत, तेवढं पुरे झालं."

*

मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात आम्ही बाईंचा बँड ठेवला. फ्लायर करणारे देशपांडेकाका हैराण. "शुभदा, नाव नाही, फोटो नाही, मग छापू काय?"

शेवटी त्यांनी छापलं, 'विशेष आकर्षण: शुभदाच्या बॉस'.

मी शरमेने मेले. बाईंनी अर्थ विचारून घेतला आणि ते फ्लायर वर्कशॉपच्या भिंतीवर चिकटवलं. "पस्तीस वर्षांत वकिलाचं पत्र न आलेलं हे पहिलं पोस्टर!"

*

गेल्या महिन्यात इथल्या एका छोट्या म्युझियममध्ये त्या कंपनीने प्रदर्शन भरवलं. भिंतीवर माणसाच्या उंचीच्या अक्षरांत बाईंचं नाव. बाईंना निमंत्रण नव्हतं. आम्ही तिकीट काढून गेलो.

मधोमध बाईंनी शिवलेला पहिला कोट होता. त्याची बटणं पाठीवर लागतात. तो एकटीला घालताच येत नाही, दुसऱ्या कुणीतरी मागून बटणं लावायची. आणि यांनी तो पुतळ्याला उलटा घातला होता, बटणं पुढे!

बाई दोरी ओलांडून आत गेल्या. मी त्यांना अडवायला हवं होतं. मी पुतळ्याचा हात उचलून धरला. बाईंनी कोट काढला, सरळ केला, मागून एकेक बटण लावलं. लांब झाल्या आणि बघत राहिल्या. इतक्या दिवसांत त्यांचे डोळे भरलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

तेवढ्यात बिल्ला लावलेल्या एक व्हॉलंटिअर आजी आल्या, बाईंच्याच वयाच्या. "मॅम, हात लावायचा नाही!"

"हा मी शिवलाय," बाई म्हणाल्या, आणि स्वतःचं पूर्ण नाव मोठ्याने सांगितलं. वर लायसन्स काढून दाखवलं.

आजींनी चष्मा लावला. लायसन्स वाचलं. भिंत वाचली. आणि चेहरा खुलला. "अय्या, सेम नाव! तुम्हाला लोक नेहमी विचारत असतील ना?"

"पूर्वी विचारायचे," बाई म्हणाल्या.

"अहो, त्याच आहेत या!" मी ओरडले. आजींनी माझा हात थोपटला आणि फाइलमधून कंपनीचा फोटो काढला. फोटोत बटणं पुढे. "हे असं हवं. माझ्या बोटांत संधिवात आहे, नाहीतर मीच केलं असतं. तुम्ही होतं तसं करून द्याल का?"

मी बाईंकडे बघितलं. आता ही बाई पुतळा उचलून भिंतीवर हाणणार, मी तयारीतच होते.

बाईंनी कोट काढला. उलटा केला. एकेक बटण पुढून लावलं.

आजींनी फोटो धरून ताडून बघितलं. "परफेक्ट! काय छान हात आहे हो तुमचा. आम्हाला व्हॉलंटिअर हवेच आहेत. जाताना काउंटरवर नाव देऊन जा."